शुभांगीचा माइक

माझ्या बायकोला हे माहीत नाही. सागरलाही नाही, आणि तो तर तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

रत्नागिरीत आमचा तिघांचा बँड होता. मी गिटार वाजवायचो, सागर ढोलकी, आणि शुभांगी गायची. नाचणे रोडवरच्या एका कॅफेच्या मागच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी आम्ही आमचीच गाणी म्हणायचो. पंचवीस-तीस माणसं आली की खोली भरायची. आधी मीच गायचो. मग शुभांगी आली. मिरकरवाड्यातली, वडील ट्रॉलरवर, आई बंदरावर मासे विकायची. ती गायला लागली की कॉफीचे कप वाजायचे थांबायचे. माझ्या गाण्याला ते कधी थांबले नव्हते. मला आनंद व्हायचा — व्हायचा, खरंच. पण घरी जाताना डोक्यात ते कपच असायचे, हेही खरं.

एकदा पुण्याहून कार्यक्रम ठरवणारे एक गृहस्थ ऐकायला आले. आवडलं तर पुण्याला बोलावणार होते. आमच्याकडे साउंडवाला वेगळा नव्हता; मिक्सर माझ्याच स्टुलाशेजारी असायचा. शुभांगीने स्वतः लिहिलेलं गाणं सुरू केलं — बंदरावर बोटींची वाट पाहणाऱ्या बायकांचं. ते गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. तिच्याकडेच बघत राहिले.

आणि मी —

हात चुकून लागला, असं म्हणता आलं असतं. नाही लागला. मी तिच्या माइकचा आवाज खाली ओढला. जरासाच. काही बिघडलंय असं कुणाला वाटू नये, मुलगीच कमी पडतेय असं वाटावं, एवढाच. स्पीकर लोकांकडे तोंड करून होते. तिला स्वतःचा आवाज धड ऐकू येईना, म्हणून ती जोर लावत गेली. शेवटच्या कडव्यात आवाज फाटला. तेव्हा तरी मी हात पुढे करायचा ना? नाही केला. पुढचं गाणं माझं होतं. ते मी चांगलं गायलो — कसा गाऊ शकलो?

"मुलीचा आवाज पोचत नाही," ते गृहस्थ नंतर म्हणाले. "पुण्यात तुम्हीच गा."

बाहेर पायरीवर शुभांगी बसली होती. "माझ्यामुळे सगळंच गेलं असतं ना, दादा," ती म्हणाली. "माझा गळाच नाय तसा."

मी म्हणालो, "होतं गं असं कधी कधी."

पुण्याचा कार्यक्रम बरा झाला. शुभांगी त्यानंतर तालमीला आली नाही. मी फोन केला, एकदाच — आणि ती नको म्हणाली तेव्हा मला हलकं वाटलं. हे त्या माइकपेक्षाही सांगायला जड जातंय.

आता ती एका मासळीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. अजूनही एखाद्या शनिवारी येते, मागच्या रांगेत बसते, माझ्या गाण्याला मनापासून टाळ्या वाजवते. परवा मुलीला घेऊन आली होती. मी त्या पोरीला विचारलं, आई घरी गाते का? — का विचारलं, मलाच ठाऊक नाही.

"नाय," ती म्हणाली. "आईचा आवाज माइकात चालत नाय."

शुभांगी हसली आणि तिने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. सागर वायरी गुंडाळत होता. मी त्या दोघींना रिक्षापर्यंत सोडलं, आणि परत येऊन मिक्सर बंद केला.