मागच्या दाराची काच

भावाने गाडी जुनी घेतली, पण पूजा नवीसारखी केली. त्याच्या डोक्याला फेटा, गाडीला हार, आणि फोटोत आतली माणसं दिसावीत म्हणून चारही काचा खाली. नारळ फुटला. अक्षता तर इतक्या पडल्या, की आमच्याकडे नवरदेवाच्याही वाट्याला तेवढ्या येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांना पिंपळगाव राजाला, आत्याकडे न्यायचं होतं. धुळीने त्यांना धाप लागते, म्हणून त्यांनी बस सोडली होती आणि बहीण फक्त फोनवर उरली होती. सकाळपासून ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओसरीवर तयार बसले होते. आणि नेमकी ते बसणार होते त्याच मागच्या दाराची काच वर जाता जाता तिरपी होऊन अडकली. भावाने हँडलवर जोर केला. काच आणखी तिरपी झाली.

"राहू दे रे. मी रुमाल बांधतो तोंडाले," बाबा म्हणाले. पण टोपी खाली ठेवायला तयार नव्हते.

"रुमाल कायले? पाना आन बे," भाऊ मला म्हणाला.

आम्ही दाराचं आतलं कव्हर काढलं. काच ज्या रबरी खाचेतून सरकते, तिच्यात मी स्क्रू ड्रायव्हर फिरवला, तर बाहेर आले पिवळे तांदूळ. नारळाच्या पाण्याने फुगलेले.

"दादा, तू तं गाडीचं लगनच लावलं."

"हसू नको बे. शुभ असते ते."

खाच साफ झाली, तरी काच वाकडीच. जोर केल्यामुळे ती खालच्या पट्टीवरून सरकली होती. भावाने पट्टीचे बोल्ट सैल केले. मी काच दोन्ही तळव्यांत धरून मागची बाजू वर ढकलली. तो आवळायला लागला आणि ती पुन्हा घसरली. पुढच्या वेळी मी श्वास रोखून धरला. वरच्या रबरात ती अलगद शिरली.

"बसली!" मी असा ओरडलो, की शेजारच्या काकू लाटणं घेऊन बाहेर आल्या. भावाने फटीत कागद धरून काच चढवली आणि कागद ओढला. तो फाटला, पण निघाला नाही. चांगल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानानेही मला इतका आनंद क्वचित दिला असेल.

आम्ही निघालो. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं. पुढच्या ट्रॅक्टरने धुळीचा लोट उठवला. मी मागे वळून बाबांकडे पाहत होतो. त्यांनी रुमाल मुठीत आवळला होता. लोट काचेवर आला आणि बाहेरच राहिला. बाबांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट निरखलं.

"चाल, दाब आता," ते भावाला म्हणाले.

पिंपळगावात शिरताच त्यांनी हँडलला हात घातला.

"बाबा, धूळ येईन ना!" मी म्हणालो.

"येऊ दे. लोकायले दिसलं पाह्यजे कोन आलं ते."

काच सरळ खाली गेली. बाबांनी कोपर बाहेर काढलं, आणि आत्याचं घर यायच्या आधीच तिला हाक मारली. खणखणीत, एका दमात.