कपाटातले चष्मे

आमच्या प्रयोगशाळेत सुरक्षिततेचं सगळं सामान होतं. पांढरे ॲप्रन, रबरी हातमोजे, डोळ्यांवर लावायचे जाड चष्मे. फक्त ते लोखंडी कपाटात कुलूपबंद असे आणि किल्ली विभागप्रमुख सरांच्या खिशात. "वापरलं की खराब होतं," हे सरांचं शास्त्र. तपासणीला समिती आली की तासभर आम्ही शास्त्रज्ञ दिसायचो. समितीची जीप फाटकाबाहेर पडली, की सर ॲप्रनच्या घड्या घालून परत आत ठेवत.

मी तेव्हा परभणीला शेतकी कॉलेजात एम.एस्सी. करत होते. मातीचे नमुने सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळले की पांढरा धूर निघायचा. आम्ही नाकाला रुमाल बांधून खोकत खोकत काम करायचो आणि वर गुळाचा खडा चघळायचो. गुळाने धूर बाधत नाही, यावर आम्हा सगळ्यांचा ठाम विश्वास! कपड्यांना ॲसिडची भोकं पडली की माणूस मुरलेला समजला जाई. माझ्या पदराची तर चाळण झाली होती आणि खरं सांगते, त्याचा मला भारी तोरा होता.

माझ्या वर्गात पोखर्णीकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. त्या दिवशी त्याला मानवतला मुलगी बघायला जायचं होतं. अंगात नवाकोरा टेरिकॉटचा शर्ट, नजर सारखी घड्याळावर. विद्यापीठाच्या नामांतरावरून चाललेल्या बंदमुळे गाड्यांचं काही खरं नव्हतं, एक चुकली की दुसरीचा भरवसा नाही. पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे तोच नव्या पोरांना शिकवायचा. पण "यष्टी चुकंल माजी," म्हणत त्याने घाईत ॲसिडमध्येच पाणी ओतलं. फस्सकन उडालं ते थेट डोळ्यात.

"लय जळायलंय!" तो ओरडला. दुपारी नळाला पाणी नसे. मी त्याचं डोकं मोरीवर दाबलं आणि पिण्याचा माठ उचलून डोळ्यावर धार धरली. तेवढ्यात सर धावत आले, कपाट उघडलं आणि एक चष्मा घेऊन आले.

"घाल, घाल लवकर!"

"आता कशाला?" मी सरांवर चक्क खेकसले. "शेजारच्या खोलीतला माठ आणा!"

सरांनी मुकाट्याने आणला.

मग रिक्षातून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. डोळा जाणार, हीच धास्ती आम्हा तिघांनाही होती. डॉक्टरांनी तपासलं, औषध घातलं आणि चांगला डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला. तो अडखळत, डोळा पुसत, शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि म्हणाला, "डॉक्टर, आता मानवतची गाडी घावंल का?"

मला हसता हसता रडू फुटलं.

"लगेच धुतलात म्हणून निभावलं," डॉक्टर म्हणाले. "पण चष्मा नव्हता का तिथे?"

मी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण सर आधी बोलले.

"होता. मी लावू दिला नाही."