एकट्या आयांची मुलं

...चिखल वाळला की जर्सी आधी बाहेर झटकायची, मग ब्रशने घासायची, आणि मगच मशीनमध्ये टाकायची. त्या शनिवारी सकाळी मी बाल्कनीत तेच करत होते. त्याआधी जाळायचा म्हणून वेगळा काढलेला कचरा खाली ठेवून आले, भात लावला, आणि जवाच्या थंड चहाचा मोठा थर्मास भरून दाराशी ठेवला.

त्या दिवशी चहाची पाळी माझी होती. इथे जपानमध्ये मुलांच्या क्लबात आया पाळीपाळीने मैदानावर येतात, प्रशिक्षकांना आणि पाहुण्यांना चहा देतात, वाकून नमस्कार करतात. ग्योतोकुच्या आमच्या क्लबात मी एकटीच भारतीय, म्हणून मी जरा जास्तच वाकते.

माझा सोहम पंधरा वर्षांचा आहे, रग्बी खेळतो. त्याचे बाबा गेले तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. त्यानंतर घरात त्याचं बोलणं कमी झालं आणि मैदानावरचं धावणं वाढलं... मी म्हटलं, धावू दे.

त्या दिवशी मिझुनो-सेन्सेई त्याला बघायला आले होते. लांबच्या एका हायस्कूलचे रग्बी प्रशिक्षक. निवडलेल्या मुलांना तिथे होस्टेल आणि फी दोन्ही माफ. त्यांनी सोहमचे खांदे दाबून पाहिले, पोटऱ्या पाहिल्या, आणि मला विचारलं, "वडील किती उंच होते?"

कितीतरी दिवसांनी ह्यांच्याबद्दल कोणी काहीतरी विचारलं होतं. तेही मापासाठी...

मी उंची सांगितली. घरी आई एकटीच का, असंही त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर ते हसून म्हणाले, मग ठरवायला सोपं जाईल. मी वाकून आभार मानले. सोहम लांबून बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. इतकं जायचं होतं त्याला.

शेजारी एल्सा कप मांडत होती. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, दक्षिण आफ्रिकेची आहे, बालवाडीत इंग्रजी शिकवते. क्लबात तिचं कोणी खेळत नाही, पण शनिवारी मैदानावर आल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

मी आनंदात होते, म्हणून तिच्याच देशाबद्दल तिलाच सांगत सुटले. रग्बी मी वाचून शिकले... लायब्ररीतली पुस्तकं, मोबाईलवरचे लेख. तिथे म्हणे राष्ट्रीय संघ शाळेतच घडतो. जुन्या नावाजलेल्या शाळा, सामन्याला लोटलेलं अख्खं गाव, शाळेचा टाय लावून आलेले म्हातारे माजी विद्यार्थी. मग प्रांतांच्या शालेय स्पर्धा, आणि तिथे बसलेले निवडणारे. गरीब वस्तीतलं एखादं पोर अशी शाळा उचलते, आणि काही वर्षांनी ते देशाची जर्सी घालून टीव्हीवर दिसतं. हे वाचताना मला रडू यायचं.

एल्सा म्हणाली, खरं आहे सगळं. तशी मुलं असतात, आणि ती जर्सी घालतात तेव्हा आम्हीही रडतो.

मग तिने तिच्या योहानचं सांगितलं. नवरा सोडून गेला होता, मुलगा दांडगा होता. तेराव्या वर्षी एका मोठ्या शाळेने त्याला फी माफ करून नेलं. चांगलं शिकवलं, पोटभर जेवू घातलं. शनिवारी मैदानाच्या कडेला आयांचा स्टॉल असायचा, तिथे ही दालचिनी-साखरेचे पॅनकेक करायची. मोठ्या संघाची जर्सी त्याला मिळाली, तेव्हा तो ती उशाशी घेऊन झोपला होता.

पुढे स्क्रममध्ये, दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्यात, त्याची मान दुखावली. शाळेने सकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं... आणि पुढच्या सत्रात होस्टेलमधल्या त्याच्या खाटेवर दुसरा मुलगा होता. फीची माफी खेळासाठी होती, खेळ संपला. आता तो टायरच्या दुकानात काम करतो, आणि टीव्हीवर सामना लागला की उठून जातो.

मी विचारलं, कोणी जाब नाही विचारला?

एल्सा कप पुसत राहिली. मग म्हणाली, "आपल्यासारख्यांची मुलं त्यांना आवडतात. बाप असला की तो कडेला उभा राहून भांडतो. एकटी आई आभार मानते."

मी तिने पुसलेले कप उचलून पिशवीत भरले.

संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातल्या जोशींना फोन केला. इथे सल्ला विचारायला तेच एक. ते म्हणाले, "अहो वहिनी, बापाविना पोर, त्यात फुकट होस्टेल. विचार कसला करताय? आभार माना देवाचे." पुन्हा आभारच...

जेवताना सोहमला एल्साने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने जपानीतच उत्तर दिलं, त्याला माहीत आहे, तरी जायचंय. मग ताट उचलून नेताना मराठीत म्हणाला, "आई, तू नाही म्हणू नकोस."

मला राग त्याचा नाही. खेळाचाही नाही, कारण त्या खेळाने माझं पोर सावरलं आहे. नवरा गेला की लोक बाईला दोन दिवस धीर देतात, हे ठाऊक होतं. तिचं पोर उचलून न्यायला सोपं जातं, हे मात्र त्या दिवशी कळलं. आणि त्यासाठी मी कमरेत वाकले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार असला तरी तिथे सराव असतो, म्हणून मी एकटीच ट्रेन बदलत त्या शाळेत गेले. मिझुनो-सेन्सेईंना म्हटलं, होय-नाही सांगायच्या आधी मला तुमच्याकडे खेळताना जायबंदी झालेल्या मुलांना भेटायचं आहे. त्यांच्या आयांनाही. ते म्हणाले, असं आजवर कोणी विचारलं नाही, बघावं लागेल. बघा म्हटलं, मी थांबते... आणि खुर्ची ओढून बसले.