पुतळाबाईचं चोरलेलं हसणं

आमच्या चारकोपच्या मासळीबाजारात पुतळाबाई हसली की बाहेरच्या भाजीवाल्यालाही कळतं. आधी ती श्वास आत ओढते, मग घशातून बारीकशी शीळ निघते, आणि मग पोटातून जे काही उसळतं ना, विचारू नका! समोरचं गिऱ्हाईक भाव करायचं विसरून स्वतःच हसायला लागतं. मी शाळेतून रिटायर झालेली बाई, नाकावर राग घेऊन फिरणारी, तरी तिच्यासमोर माझी डाळ कधी शिजली नाही.

पुतळा चारकोप गावातली कोळीण. नवरा दादू खाडीत जाळं टाकायचा. खाडी गाळाने भरत गेली तशी त्याने होडी विकली आणि एका टॉवरखाली वॉचमन झाला. तो वारला, त्यानंतर पुतळा पहिल्यांदा बाजारात येऊन बसली तेव्हा कुणाला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिची जाऊ वनमाला तेव्हा शेजारीच मासळीची पाटी लावायची. तिने दादूचीच नक्कल करून काहीतरी असं चावट सांगितलं, की पुतळा रडता रडता हसली. दोघी जावा, पण सख्ख्या बहिणींनी लाजावं अशा.

तर मागच्या वर्षी मिहिर नावाचा एक डायरेक्टर बाजारात आला आणि पुतळाचं हसणं ऐकून जागच्या जागी थबकला. आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यात स्टुडिओ झालाय. तिथे तो कुठल्याशा थंड देशातली एक गाजलेली विनोदी मालिका मराठीत करत होता. समोर माणसं बसवायची, त्यांनी हसायचं आणि ते हसणं रेकॉर्ड करायचं. “मावशी, तुमच्यासारखं हसणं अख्ख्या मुंबईत नाही,” म्हणाला. पुतळा खूश! सोबतीला मला घेऊन गेली.

सुरुवातीचे एपिसोड झकास होते, खोटं कशाला बोलू? पुतळा हसायची, तिच्यामागे सगळ्या बाया हसायच्या, कॅमेरावाले हसायचे.

मग तो एपिसोड आला. मूळ मालिकेत म्हणे शेजारीण रोज केक आणून देते, घरातले तो कुत्र्याला घालतात आणि ताटली धुऊन परत करतात. आमच्या हुशार लोकांनी काय केलं? शेजारणीची केली कोळीण आणि केकचं केलं बोंबलाचं कालवण. ती भरला टोप घेऊन हौसेने येते. घरातली बाई नाकाला पदर लावते, दार लोटून सगळं कालवण कचऱ्यात ओतते आणि दोन बोटांत धरून रिकामा टोप तिच्या हातात देते. इथे हसायचं!

कुणी हसलं नाही. अहो, शेजारणीचं भांडं रिकामं पाठवतं का कुणी? माझी आई घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. आणि इथे रिकामं भांडं, तेही नाक धरून!

“मावशी, मूळ एपिसोडमध्ये सगळ्यात मोठा लाफ इथेच आहे,” मिहिर म्हणाला. “परत घेऊया.”

“यान हसाचं काय हाय रं?” पुतळा म्हणाली.

“विनोद आहे हो, फार मनावर नका घेऊ.”

“मी नाय हसाची.” आणि ती पदर खोचून उठली. तिच्यामागे आम्हीही उठलो. त्या दिवशी मला तिचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढे महिनाभराने तो एपिसोड टीव्हीवर लागला. मी घरात एकटीच बघत होते. कोळणीच्या हातात रिकामा टोप आला, तिचा चेहरा पडला, आणि टीव्हीतून आधी तो आत ओढलेला श्वास, मग ती शीळ, आणि मग पुतळा खदखदून हसली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनी आधीच्या कुठल्यातरी एपिसोडमधलं तिचं हसणं उचलून इथे चिकटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर वनमालाची पाटी पार त्या टोकाला. गावात घरोघरी एपिसोड बघितला होता आणि ते हसणं कुणाचं हे कुणाला सांगायची गरज नव्हती. पुतळाने शपथा घेतल्या. मी सांगितलं, “अगं, मी होते तिथे, ती हसली नाही!” वनमाला माझ्याकडे न बघताच म्हणाली, “बाय, मना तिचं हसनं वलखू येत नाय?”

मी पुतळाला हाताला धरून स्टुडिओत नेलं. “काढ तिचा आवाज त्यातून,” मी मिहिरला म्हटलं.

“काकू, एपिसोड लागून गेला. आणि लोकांना तोच सगळ्यात जास्त आवडलाय.” मग पुतळाकडे वळून, अगदी लाडात येऊन म्हणाला, “मावशी, तुम्हाला आता यायचीही गरज नाही. तुमचं हसणं आहे ना आमच्याकडे, आम्ही सगळीकडे वापरतोय.”

त्याला वाटलं, आपण कौतुक करतोय. मी त्याला त्याच्या माणसांसमोर असं फैलावर घेतलं की विचारू नका. पण माझ्या ओरडण्याने काय होणार होतं?

गेल्या आठवड्यात वनमालाच्या मुलीची, कल्पिताची हळद झाली. रीत म्हणून पुतळाला बोलावणं होतं. ती मलाही घेऊन गेली. मांडवात बाया गात होत्या, नवरीला चिडवत होत्या. एका म्हातारीने नवऱ्यामुलाच्या मिशीवरून असं काही सांगितलं, की अख्खा मांडव हसण्याने दणाणला. मी पुतळाकडे पाहिलं. तिने श्वास आत ओढला, शीळ निघाली, आणि वनमालाची मान गर्रकन वळली. तेवढ्या नजरेने पुतळाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, हसू दाबतेय.

“हस गं बाई, मोकळी हस! कुणाला घाबरतेस?” मी म्हटलं.

तिने पदर काढला. ती हसत नव्हती.

शेजारच्या घरात टीव्हीवर मिहिरची मालिका चालू होती. तिथे ती मोठ्याने हसली.