अकरा पावलांवरचा जॉइंट

जगात मीटर, फूट आणि इंच अशी मापं आहेत ही बातमी माझ्या मामेसासऱ्यांपर्यंत पोचली नाही, असं नाही. पोचली, त्यांनी ती नामंजूर केली. माझ्या बायकोचे हे मामा नागभीडला राहतात. सारी नोकरी त्यांनी बल्लारपूरला एका कारखान्यात पाइप फिटर म्हणून केली, म्हणजे ज्याच्या खिशात उठता-बसता टेप असायला हवा असा हा माणूस. पण निवृत्तीच्या दिवशी त्यांनी टेप साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा तुमचा ठेवा. माहा माह्यापाशी हाय.” त्यांचा टेप म्हणजे त्यांचे दोन पाय, एक वीत आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात. कापड ते हातानं मोजून घेतात आणि दुकानदाराच्या मीटरपट्टीकडे अशा नजरेनं बघतात की तो बिचारा आपण होऊन चार बोटं जास्त फाडतो. स्टेशन त्यांच्या घरापासून किती लांब, असं कुणी विचारलं तर “नऊशे चाळीस” एवढंच उत्तर मिळतं. काय नऊशे चाळीस, हे विचारणाऱ्यानं समजून घ्यायचं. एकदा आम्ही त्यांना मोहर्लीला जंगल बघायला नेलं होतं. वाघीण पन्नास मीटरवर आहे, असं गाईड कुजबुजला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो, आणि मामाजी मोठ्यानं म्हणाले, “पन्नास कुठची? सत्तर पावलं हायेत. म्हना तर मोजून दाखवतो.” वाघीण उठून निघून गेली.

मी स्वतः चंद्रपूरला शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आमचं जमणं कठीणच होतं. पण माझं लग्न ठरलं ते त्यांच्यामुळे. मला बघायला सगळी मंडळी आली तेव्हा इतरांनी पगार विचारला, शेती विचारली. मामाजींनी मला उठवून अंगणात नेलं, शेजारी उभं केलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्याबरोबर चालायला लावलं. परत येऊन बहिणीला म्हणाले, “पाऊल माह्या मापाचं हाय. देऊन टाक पोरगी.” माझ्या हाती सरकारी नोकरी होती, बी.एड. होतं, आणि मला पसंत केलं ते माझ्या ढांगेनं. हे मी बायकोला आजवर विसरू दिलेलं नाही.

मामींना जाऊन चार वर्षं झाली. मामाजी घरात एकटे, आणि त्यांची एकुलती मुलगी नागपूरला. “बाबा, इकडे या,” हा तिचा धोशा आणि “काऊन येऊ?” हे त्यांचं उत्तर. तिनं गुडघ्याचं कारण काढलं, त्यांनी अंगणात दोन चकरा मारून फोनवर धाप न लागलेला श्वास ऐकवला. तिनं जेवणाचं कारण काढलं, त्यांनी वांग्याची भाजी करून डबा बसनं नागपूरला धाडला. डब्यात मीठ नव्हतं, पण मुद्दा पोचला. मग या हिवाळ्यात त्यांच्या घराचा जमिनीखालचा पाइप फुटला आणि मुलीला आयतं कोलीत मिळालं. पाण्याशिवाय कसे राहणार? प्लंबर बोलवा, असं ती म्हणाली तर हे कडाडले, “फिटरच्या घरी फिटर? मी मेलो का?” शेवटी तीही त्यांचीच मुलगी. तिनं सांगितलं, “मी रविवारी सकाळी येते. नळाला पाणी असलं तर राहा. नसलं तर सामान बांधायचं.” “मंजूर,” मामाजी म्हणाले, आणि दुसरा फोन मला केला. “जवाईबापू, शनिवारी या. काम नाई सांगत तुम्हाले. साक्षीदार पाह्यजे मले.”

मी पोचलो तेव्हा अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, कुंपणाशी, चिखल झालेला होता. फाटकाजवळची पाण्याची चावी बंद करून मामाजी कमरेला गमछा बांधून फावडं घेऊन उभे होते, पण चिखलाकडे त्यांची पाठ. मी म्हटलं, पाणी तर तिकडे आहे. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “पानी उताराले निघते. फुटला कुठी, ते मले मालूम हाय. जॉइंट गेला.” त्या लाइनला जमिनीखाली एकच जॉइंट होता, आणि त्याचंही कारण होतं. घर बांधलं तेव्हा पाइप फाटकापासून सरळ न्हाणीपर्यंत न्यायचा होता, पण तो तुळशीखालून गेला असता. मामी म्हणाल्या, माझ्या तुळशीखालून नळ जायचा नाही. कारखान्यात कुणाचं न ऐकणाऱ्या माणसानं घरी मुकाट्यानं लाइन वळवली. जिथे वळवली तिथे जॉइंट बसवला, आणि माती लोटण्याआधी तुळशीपासून तिथपर्यंत चालून माप घेतलं. मामाजी चालले, मामींनी मोजलं, आणि मामींनीच न्हाणीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं: ‘तुळस ते जॉइंट, पेरूकडे तोंड करून, ११ पावलं.’ दर दिवाळीला न्हाणीला चुना लागतो, तेवढा तुकडा सोडून.

मामाजी तुळशीशी उभे राहिले, पेरूकडे तोंड केलं, अकरा पावलं टाकली आणि खणायला लागले. मी फावडं मागितलं. जणू मी त्यांचं घर मागितलं! “जवायाच्या हातात फावडं? गावात तोंड कुठी दाखवू मी?” आमच्याकडे जावयानं सासरी ताट उचललं तरी बायका तोंडाला पदर लावतात, ही गोष्ट खरी. त्यांनी माझ्यासाठी पेरूखाली खुर्ची मांडली, स्वतः आत जाऊन चहा करून आणला, आणि सत्तरी उलटलेला माणूस पुन्हा खड्ड्यात उतरला. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. इतका कडू चहा मी आयुष्यात प्यालो नाही, आणि त्यात साखर भरपूर होती. दोन हात खोल खणलं, पाइप लागला नाही. डावीकडे खणलं. नाही. उजवीकडे खणलं. तिथेही नाही. मधल्या वेळात मुलीचा फोन आला, तेव्हा धापा दाबून म्हणाले, “झालंच. माती लोटून राह्यलो.”

दुपार कलली, अंगणात तीन कोरडे खड्डे झाले. मामाजी खड्ड्याच्या काठावर बसून गमछ्यानं मान पुसत होते. उद्या मुलगी येणार, आणि हा माणूस पिशवीत दोन धोतरं भरून तिच्या चौथ्या मजल्यावर राहायला जाणार, हे मला समोर दिसायला लागलं. माझ्यातल्या मास्तरानं नको तेव्हा तोंड उघडलं. “मामाजी, आकडाच चुकला नसेल ना? अकराऐवजी चौदा वगैरे...”

ते उठलेच. “आकडा चुकला? ते अकरा तिनं लिवले हायेत! अख्ख्या संसारात तिची पोळी कमी पडली नाई, अन् अकरा पावलं चुकन ती? मास्तर असान तुम्ही शाळेत!” आणि मला खोटं पाडायला ते तरातरा तुळशीशी गेले आणि पुन्हा चालायला लागले. या वेळी मी खुर्चीतून त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत होतो. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांपुढे जेमतेम फूटभर पडत होती. ज्या ढांगेशी माझी ढांग जुळवून मला पोरगी दिली, ती ढांग कधीच निघून गेली होती. हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

मी उठलो. म्हटलं, “जरा मी चालून बघतो. चालणं म्हणजे काही काम नाही. जावयाला चालायला मनाई नसते ना?” त्यांनी या मुद्द्यावर बराच विचार केला. शेवटी म्हणाले, “चाला. मी मोजतो.” मी तुळशीशी उभा राहिलो, पेरूकडे तोंड केलं आणि निघालो. मामाजी मोठ्यानं मोजत होते. “अकरा” म्हणाले तेव्हा मी त्यांच्या खड्ड्यांच्या चांगला सहा-सात फूट पुढे उभा होतो.

ते खड्ड्यांकडे बघत राहिले. मग माझ्या चपलांकडे. “जमीन लांबली असन,” ते म्हणाले. मग त्यांनी न्हाणीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. तिथून गेरूची ओळ अर्धी दिसत होती. वाघिणीलाही न भ्यालेला तो आवाज खाली आला. “नाई. तिचा आकडा बरोबर हाय. माहे पाय आखूड झाले.”

आणि त्यांनी फावडं माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला तशी घाईनं म्हणाले, “थांबा, थांबा. आधी फाटक लावून घ्या.”

पाइप दोन हातांवर लागला. जॉइंटला उभी चीर गेलेली होती. तिथून पुढे मात्र मामाजींनी मला हात लावू दिला नाही. खड्ड्यात पालथे पडून त्यांनी जुना जॉइंट काढला, पाणी झिरपू नये म्हणून आट्यांवर सूत गुंडाळलं, सफेदा लावला आणि नवा जॉइंट पान्यानं असा आवळला की त्यांचे दात दिसले.

रविवारी सकाळी मुलगी आली ती रिकामी बॅग घेऊनच. नळ खोकला, लाल गढूळ पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ धार लागली. मामाजींनी पेला भरून तिच्या हातात दिला. “पे. अन् आता सांग, सामान कोनाचं बांधाचं?” ती पाणी प्याली, तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “कोणाचंच नाही, बाबा.”

निघण्याआधी मी हात धुवायला न्हाणीत गेलो. मामींच्या गेरूच्या ओळीखाली पेन्सिलीनं, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एक नवी ओळ होती: ‘पाऊल जवायाचं घ्यावं.’ मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलोय की पाऊल हे काही खरं माप नव्हे, ते माणसागणिक बदलतं. त्या भिंतीपुढे उभं राहून मला पहिल्यांदाच भीती वाटली की एक दिवस माझंही पाऊल आखूड होईल.