दाजींचं ‘येऊ द्या’

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, गाडी चालवता येत नाही. पण गल्लीतली एकही गाडी त्यांच्यावाचून लागत नाही. धंदा शिंप्याचा, दुकान रस्त्याला लागून. पालिकेनं कडेला पांढऱ्या रेघा मारून गाड्यांसाठी चौकटी आखल्या, तेव्हा रंग वाळायच्या आत दाजींनी गळ्यातली टेप काढून त्या मोजल्या. "पाच मीटर? अहो, शिलाईला माया तरी ठेवायची!" गाडीच्या दीडपट जागा हवी, हे त्यांचं ठाम मत. तेवढी मिळत नाही, म्हणून मशीन सोडून ते धावत येतात.

"पुढच्या गाडीच्या बरोबरीला घ्या. आता मागे. स्टिअरिंग पूर्ण फिरवा. येऊ द्या... येऊ द्या... आता उलटं फिरवा... येऊ द्या... बस्स!" आणि डिकीवर अशी थाप मारतात, जणू गाडी त्यांनीच उचलून ठेवली. परिणाम असा की, गल्लीत मागे बघून गाडी लावणारा माणूसच उरला नाही. सगळे ‘बस्स’ ऐकू येईपर्यंत खुशाल समोर बघत बसतात. मीही त्यातलाच.

भाची माझ्याच गाडीवर शिकली. ती नर्स. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करायची चांगली नोकरी चालून आली होती, पण लायसन्स हवं. टेस्टमध्ये पोरगी दोनदा नापास. बाकी सगळं चोख, पण दोन खांबांच्या मध्ये गाडी लावायची वेळ आली की मागचा खांब आडवा. का, तर तिथे ‘बस्स’ म्हणायला कुणी नाही! "आरसा केस विंचरायला लावलाय का?" असं टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी विचारल्यावर रडत घरी आली. आता एकच टेस्ट उरली होती. त्यापुढे नोकरी थांबणार नव्हती.

मी दाजींना खडसावलं, "पोरीचं नुकसान करताय तुम्ही. आता तोंडाला कुलूप!"

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी दुकानासमोर सराव. चौकटीच्या मागेच विजेचा खांब. दाजी पायरीवर हाताची घडी घालून उभे. गाडी मागे येतेय, दाजी गप्प. अजून येतेय, दाजी लालबुंद. धाड!

"बाबा, बस्स का नाही म्हणालात?"

"तुझ्या मामानं मनाई केलीय!"

म्हणजे खापर माझ्या डोक्यावर आणि चेपलेला बंपरही माझाच. मी असा भडकलो की ताई दाजींना हाताला धरून घरात घेऊन गेली. मग दिवे लागेपर्यंत मी भाचीच्या शेजारी बसून एकच घोकत होतो, "बाई गं, आरशात बघ!"

दुसऱ्या दिवशी दाजी मैदानावर आले ते तोंडात पाणी धरून. स्वतःवर भरवसा नाही ना! आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर. भाचीनं गाडी मागे घेतली, तसे दाजींचे डोळे बाहेर यायला लागले. माझा दंड त्यांनी असा आवळला की मीच ओरडणार होतो. गाडी वळली, सरळ झाली आणि खांबाच्या अलीकडे थांबली. साहेबांनी वाकून बघितलं, मान हलवली. पास! दाजींच्या तोंडातलं सगळं पाणी माझ्या शर्टावर.

भाची धावत आली. दाजींचे डोळे भरलेले, पण पहिलं वाक्य काय? "मागे अजून हातभर जागा होती."

"होती ना. मला दिसत होती, बाबा."



परत येताना गाडी तिनेच चालवली. दुकानापाशी दाजी उतरले आणि गाडीच्या मागे न जाता सरळ आत जाऊन मशीनवर बसले. एरवी त्यांच्यावर डाफरणारा मी, पण मला भडभडून आलं. भाचीनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. इंजिन बंद होईपर्यंत आतलं मशीन काही सुरू झालं नाही.