रुक्माच्या हातचे पैसे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे दोन्ही हात कणकेत होते, तेव्हा सेठ खिडकीशी आला. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथे करणार नाही. आमच्या हॉटेलात स्वयंपाकघर आणि बाहेरची टेबलं यांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी आहे. तिच्यातून भरल्या थाळ्या बाहेर जातात आणि उष्ट्या आत येतात. "रुक्मा गेली वहिनी," तो म्हणाला. "पहाटंच. यवतमाळच्या दवाखान्यात." मग त्यानं परातीकडे बघितलं आणि लगोलग म्हणाला, "कणीक जराशी जास्त भिजवा. केळापूरचे यात्रेकरू परतून राह्यले, आज गर्दी राहीन." आणि मी काय केलं... मी अजून दोन किलो पीठ घेतलं. त्या दिवशी एकही पोळी करपली नाही. त्याचा मला अजून राग येतो.

रुक्मा आणि मी त्या हॉटेलात अकरा वर्षं बरोबर काम केलं. पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर हे हॉटेल आहे. मी आत पोळ्या लाटते, ती बाहेर वाढायची. ती मागच्या तांड्यावरची. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी. आली तेव्हा भांडी घासायला आली होती. एकदा दोन वेटर एकाच दिवशी आले नाहीत आणि बाहेर ट्रकांची रांग लागली. रुक्मानं हात पुसले, पदर खोचला, एका हातावर चार थाळ्या चढवल्या आणि बाहेर गेली. तिकडचे ड्रायव्हर तेलुगू बोलतात. हिनं कुठून शिकून घेतलं होतं देव जाणे, भाताचं पातेलं घेऊन टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "इंका कोंचम अन्नम?" म्हणजे अजून थोडा भात वाढू का. ते ड्रायव्हर हसले, पोटभर जेवले आणि जाताना तिच्या हातावर वीस रुपये ठेवून गेले. त्या दिवसापासून सेठनं तिला बाहेरच ठेवलं. ती मलाही म्हणायची, "बाहेर ये व वहिनी. इथं हवा तरी लागते, दोन माणसं तरी दिसतात." पण मला परक्या माणसांसमोर उभं राहायची लाज. त्यांनी काही मागितलं आणि मला कळलं नाही तर, असं वाटायचं. मला माझा तवा बरा होता.

कोण किती देईल, हे तिला माणूस हात धुवायला गेला की कळायचं. दुपारी चारला गर्दी ओसरली की खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवून ती मला सांगायची. ड्रायव्हर देतो, कारण तोही दुसऱ्याची चाकरी करतो. लेकरू घेऊन आलेली बाई देते, पण त्यासाठी लेकराचा भात आधी मऊ करून आणावा लागतो. लग्नाचे लोक देत नाहीत, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "अन् साहेब लोक?" मी विचारायची. "त्याईचा हात खिशापर्यंत जाते वहिनी. आत नाही जात." आम्ही दोघी इतक्या हसायचो की आतला आचारी ओरडायचा. पण हसणं एका बाजूला. तिला दहा-वीस मिळायचे ते काही फुकट नव्हते. उन्हातून आलेल्याला ती न मागता आधी पाणी द्यायची. कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला कांदा चालत नाही, महिन्यानं परत आलेल्या माणसाचंही तिच्या ध्यानात असायचं.

आता मजुरीचं लिहिते. मला रोजचे तीनशे मिळत. बाहेर वाढणाऱ्या दोघा बाप्या माणसांना साडेतीनशे. रुक्माला दोनशे. तिनं विचारलं तर सेठ म्हणायचा, "तुले वरून भेटते ना." वरून म्हणजे गिऱ्हाईक देतं ते. मग त्या दोघांनाही मिळतच होतं की. ते तिच्यापेक्षा कमी मिळत होतं, कारण ते तिच्याइतकं धड वाढत नव्हते. पण त्यांना संसार आहे, असं सेठचं म्हणणं. रुक्माला काय होतं मग? म्हणजे तिनं चांगलं वाढलं म्हणून तिला लोकांनी दिलं, आणि लोकांनी दिलं म्हणून सेठनं कमी दिलं. गिऱ्हाईकाला वाटायचं आपण बाईला वर दहा रुपये देतोय. खरं म्हणजे सेठनं द्यायची मजुरी ते भरत होतं. हे मला तेव्हा नीट मांडता आलं नसतं. तिला मात्र तेव्हाच कळलं होतं. ती म्हणायची, "वहिनी, माहा पगार तं हे ड्रायव्हरच देतात. सेठ फक्त दमदाटी देते."

मग स्कॅनर आले. प्रत्येक टेबलावर एक चिकटवला आणि गल्ल्यावर पैसे जमा झाले की मोठ्यानं आकडा बोलणारी डबी ठेवली. लोकांच्या खिशात सुटे पैसे राहिले नाहीत. बडीशेपेच्या ताटलीत आता नुसती बडीशेप उरायची. रुक्माचे दोनशे दोनशेच राहिले, आणि वरचं आटलं. एका दुपारी एक बाई लेकराला घेऊन आली होती. ते लेकरू काहीच खात नव्हतं. रुक्मानं त्याला वरण-भात कालवून, चिमणी-कावळा करत भरवला. त्या बाईचं बिल तीनशे वीस झालं होतं. जाताना ती म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी पन्नास जास्तीचे टाकले हो." आणि डबी बोलली, तीनशे सत्तर. सगळ्या हॉटेलानं ऐकलं. मीही ऐकलं. रुक्मा गल्ल्यापाशी गेली तर सेठ म्हणाला, "महिन्याच्या शेवटी पाहू." ते पन्नास काही तिला मिळाले नाहीत, आणि त्यानंतरचेही नाहीत.

होळीच्या सुमाराला तिनं सेठला सरळ विचारलं. एक तर लोकांनी माझ्या नावानं टाकलेलं मला द्या, नाही तर त्या दोघांइतकी मजुरी द्या. सेठ उठला. त्यानं सगळ्यांना बोलावलं, त्या दोघा वेटरांना, आचाऱ्याला, मला. "साऱ्याईसमोर होऊ द्या," तो म्हणाला. "म्या हिचा एक रुपया तरी खाल्ला काय? सांगा वहिनी. तुम्ही तं खिडकीपाशीच राह्यता. कोणी हिच्यासाठी पैसे टाकले, ऐकलं तुम्ही?" सगळे माझ्याकडे बघत होते. रुक्माही बघत होती. ती विनवणी करत नव्हती, तिला खात्रीच होती. मी म्हणाले, "मले आतून काही ऐकू येत नाही. तव्याचा आवाज राह्यते."

माझ्या घरात तेव्हा नवऱ्याच्या गोळ्या चालू होत्या, रोजचे तीनशे गेले असते तर काय केलं असतं, हे सगळं खरं आहे. पण त्यानं ते खोटं खरं होत नाही. रुक्मानं टेबल पुसायचा फडका घेतला आणि कामाला लागली. संध्याकाळी थाळ्या आत देताना तेवढं म्हणाली, "वहिनी, सरकारी दवाखान्यात बुधवारी कानाचा डॉक्टर येते म्हनते. फुकट पाह्यते. जाऊन ये." आणि हसली. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा कोपर टेकवून उभी.

टेकूनच उभी राहायची, कारण बसायची सोय नव्हती. गिऱ्हाईकासमोर वेटर बसला की हॉटेल रिकामं दिसतं, असा सेठचा नियम. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत ती उभी. तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून ती त्यावर घट्ट बांधायची. नवरात्रात केळापूरच्या देवीची गर्दी सुरू झाली आणि तिचा डावा पाय सुजला, हात लावला तर तापलेला लागायचा. तिनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. सेठ म्हणाला, "नवरात्र होऊ दे. मंग आठ दिवस झोप." अष्टमीला मी तिला शेवटचं पाहिलं. चार थाळ्या नेताना तिनं खिडकीचा कठडा धरला, दम घेतला. मी म्हणाले, "ठेव त्या. दुसरा नेईन." ती म्हणाली, "दुसऱ्याले कोंचम अन्नम कुठं येते?" आणि गेली. नवमीला ती आलीच नाही, तिला यवतमाळला नेलं होतं. डॉक्टरांनी तिच्या मुलीला सांगितलं की पायात रक्ताची गाठ झाली आणि ती वर छातीत गेली. आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले... आधी म्हणजे कधी, ते मला माहीत आहे.

ड्रायव्हर येत आणि विचारत, अम्मा कुठे? सांगून सांगून सेठ कंटाळला. दिवाळीच्या आधी त्यानं रुक्माचा फोटो मोठा करून आणला, प्लास्टिकच्या फुलांचा हार घातला आणि गल्ल्यावर वडिलांच्या फोटोशेजारी लावला. येईल त्याला म्हणायचा, "आमच्या घरचीच होती." खाली उदबत्तीची ताटली होती. पांढऱ्या दाढीचा एक ड्रायव्हर, नेहमीचा, फोटोसमोर उभा राहिला, हात जोडले आणि ताटलीत पन्नासची नोट ठेवली. ते बघून दुसऱ्यानं वीस ठेवले. मग रोजच कोणी ना कोणी ठेवू लागलं. स्कॅनर आल्यापासून तिला एवढं कधी मिळालं नव्हतं. आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी सेठ त्या नोटा उचलायचा, उदबत्तीची राख झटकायचा आणि गल्ल्यात टाकायचा. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे मला कळत होतं. तो चोरासारखा इकडेतिकडे बघतही नव्हता.

तीन दिवस मी पाहिलं. चौथ्या दिवशी मी तवा तसाच सोडून बाहेर आले. दुपारची वेळ, टेबलं भरलेली. माझे हात पिठानं माखलेले होते. मी म्हणाले, "सेठ, ते रुक्माचे पैसे हायेत."

तो हसला. "आता रुक्मा कुठं खर्च करीन?"

"तिची पोरगी हाये."

"वहिनी, आत पोळी जळून राह्यली. जा."

"जळू द्या. त्या लेकरूवाल्या बाईनं पन्नास टाकले ते म्या ऐकले होते. म्या खोटी बोलली होती, तुमच्यासाठी. आता नाही बोलत." माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं. भात कालवणारे दोन ड्रायव्हर हात थांबवून बघत राहिले. सेठनं ताटलीतल्या त्या दिवसाच्या नोटा उचलल्या आणि माझ्या हातात कोंबल्या. "घ्या. शे-दीडशेसाठी तमाशा." एकशे ऐंशी रुपये होते. मागच्या तीन दिवसांचे त्यानं दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर गल्ल्यावर फोटो नव्हता. स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर ठेवला होता. "तुमचीच मैतरीन," सेठ म्हणाला. "राहू द्या तुमच्यापाशी." आत कोण येतं पैसे ठेवायला? वर आणखी म्हणाला, "तिच्या पोरीले निरोप द्या. आईची जागा तिचीच हाये. दोनशे देईन. वरून भेटनच."

सुट्टीच्या दिवशी मी तांड्यावर गेले. रुक्माची मुलगी निशा कापूस वेचून नुकतीच आली होती, बोंडांच्या काट्यांनी बोटं ओरबाडलेली. मी एकशे ऐंशी रुपये तिच्या पुढ्यात ठेवले आणि कशाचे ते सांगितलं. निरोपही सांगितला, लपवला नाही.

"माणसाईले किती देते सेठ?" तिनं विचारलं.

"साडेतीनशे."

"आईले माहीत होतं?"

"होतं."

"तुम्हाले?"

"मलेही."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती उठली, चहा ठेवला. चहा देताना म्हणाली, "साडेतीनशे देत असन तं येतो म्हना. अन् बसाले स्टूल पाहिजे." मी तेच शब्द दुसऱ्या दिवशी सेठला सांगितले, स्टुलासकट. आणि म्हणाले की ती दोनशेवर आली तर मी तिला दारातून परत पाठवीन. तो म्हणाला, "तुम्ही लय बोलाले लागल्या वहिनी." अजून त्यानं हो म्हटलेलं नाही. बाहेर सध्या दोघंच वाढतात आणि गिऱ्हाईक हाका मारत बसतं.

फोटो आता माझ्याजवळ असतो. काचेवर रोज पीठ बसतं, पोळ्या सुरू करायच्या आधी मी ते पुसते. गल्ल्यावर होता तेव्हा लांबून नीट दिसत नव्हता. कोणा गिऱ्हाईकानं मोबाइलवर काढलेला तो फोटो, हातावर चार थाळ्या घेऊन ती चालली असतानाचा. पण चेहरा मोठा करताना फोटोवाल्यानं थाळ्या कापून टाकल्या. त्यामुळे नुसता हात वर उचललेला दिसतो, बोटं ताठ, आणि तोंडावर तिचं ते हसू. बघणाऱ्याला वाटेल कोणाला तरी हाक मारते आहे. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, हा हात आता कोणाच्या तरी कानाखाली बसणार आहे... आणि पहिला माझ्याच बसायला हवा होता.